गुरुवारची मंडळी

पिंपरी-चिंचवडमध्ये कामगाराचा रविवार गुरुवारी येतो. बाहेरगावच्या पाहुण्याला हे समजावून सांगावं लागतं. सगळीकडच्या कारखान्यांनी एकाच दिवशी वीज ओढू नये म्हणून औद्योगिक भागांची साप्ताहिक सुट्टी वेगवेगळ्या वारांना वाटून दिली गेली आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. इथं सोयरिकीची बोलणी, गावाकडची चक्कर, पोराचे केस कापणं, सगळं गुरुवारी. माझे वडील नगर जिल्ह्यातून इथल्या कारखान्यात नोकरीला आले. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही बहिणी शाळेत असायचो. एवढं सगळं अंगवळणी पडलेलं असूनही, नवी मंडळी सुरू करायची ठरवल्यावर आम्ही पहिल्याच कागदावर लिहिलं: रविवार, सकाळी नऊ.

आम्ही मराठी ख्रिस्ती लोक इमारतीला चर्च म्हणतो आणि माणसांना मंडळी. मराठी बायबलमधला शब्दही मंडळी हाच. आमची मूळ मंडळी पिंपरीत. शहर मात्र तिथून मोशी, चिखलीच्या पुढं सरकत गेलं. तिकडून सकाळच्या उपासनेला यायचं तर दोन बस बदलाव्या लागतात. कडेवर लेकरू असलेली बाई दोन रविवार येते, तिसऱ्या रविवारी घरीच थांबते आणि मग हळूहळू तिची जागा रिकामीच राहते. त्या भागात एक मराठी मंडळी हवी, असं आम्हा सात घरांच्या मनात आलं.

पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं आणि विषय पंचांपुढे ठेवला. त्या बैठकीत एका ज्येष्ठ पंचांनी विचारलं, “आपल्याच मेंढवाड्यातली मेंढरं तिकडे हाकून नेणार आणि त्याला नवी मंडळी म्हणणार का?” त्यांचा प्रश्न मला त्या दिवशी लागला, पण तो रास्त होता. नव्या मंडळीच्या नावाखाली जुनी फोडल्याची उदाहरणं आमच्यात आहेत आणि त्याच्या जखमा दोन-दोन पिढ्या भरत नाहीत. म्हणून आम्ही लिहून दिलं: जी माणसं आधीच कुठल्या ना कुठल्या मंडळीत जातात त्यांच्या दाराशी आम्ही जाणार नाही. जी कुठंच जात नाहीत त्यांना शोधू.

मग आठ महिने संध्याकाळचे आम्ही दोघी-तिघी मिळून हिंडलो. हॉल बघितला नाही, पत्रकं छापली नाहीत. फक्त विचारत गेलो. जालना, बीड, नगरकडून आलेली, लहानपणी बाप्तिस्मा झालेली कितीतरी माणसं भेटली. कुणी दवाखान्यात परिचारिका, कुणी कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, कुणी कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणारी. भक्ती आटली होती असं नाही. एका खोलीत तर कॅलेंडरमागे आजोबांचं ‘उपासना संगीत’ जपून ठेवलेलं होतं, पुठ्ठा निघालेला, पानं दोऱ्यानं शिवलेली. चर्चला का येत नाही, याचं उत्तर मात्र घरोघरी एकच मिळालं. रविवारी सुट्टी नसते, बाई.

ते ऐकून मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. महात्मा फुल्यांचा हा सहकारी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडला आणि 10 जून 1890 रोजी गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. शाळेत मी हा धडा मुलांना शिकवला. पण रविवार कामगाराला आपसूक मिळालेला नाही, कुणीतरी तो मागून घेतला आणि आजही लाखो लोकांच्या हाती तो पडलेला नाही, हे मला चिखलीच्या त्या खोल्यांमध्ये उमगलं.

गुरुवारचा विषय काढल्यावर आमच्यातच मतभेद झाले. रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा वार, तो कसा सोडायचा? हा आक्षेप मला हलका वाटत नाही. पण पहिल्या ख्रिस्ती लोकांनाही रविवारी सुट्टी नव्हती. रोमन साम्राज्यात कॉन्स्टंटाइन बादशहानं रविवार विश्रांतीचा ठरवला तो 321 मध्ये. त्याच्या दोनशे वर्षं आधी प्लिनी नावाच्या रोमन सुभेदारानं बादशहाला कळवलं होतं की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. अंधारात जमणारी ती माणसं दिवसभर कुणाची तरी चाकरी करणारीच असणार. त्यांनी कामाच्या आधीची वेळ काढली, आपण कामानंतरची काढू, असं मी बैठकीत म्हटलं. शेवटी ठरलं की आम्ही सात घरं रविवारी नेहमीप्रमाणे पिंपरीत जाणार आणि नवी मंडळी गुरुवारी संध्याकाळी भरणार.

वार ठरला आणि जागाही मिळाली. एका जागामालकानं आधी होकार दिला आणि आम्ही कोण हे कळल्यावर आगाऊ रक्कम परत केली होती, पण ते सोडून द्यावं. आता मिळालेला हॉल योगवर्गाचा आहे. त्यांचीही सुट्टी गुरुवारीच. महिना आठ हजार भाडं, सतरंज्या आमच्या. नोंदणीसाठी वेगळा न्यास करायचा तर धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं. सध्या आम्ही मूळ मंडळीच्याच न्यासाखाली राहतो आहोत आणि जमाखर्च दर महिन्याला पिंपरीत दाखवणार आहोत.

हॉलच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात मला अडवून सरळ विचारलं, “तुम्ही लोकांना बाटवणार का?” मला बरं वाटलं. मनात ठेवून खिडकीतून बघत राहण्यापेक्षा विचारलेलं केव्हाही चांगलं. मी त्यांना वर घरी जाऊनच सगळं सांगितलं: कोण येणार, काय गाणार, किती वाजता संपणार, दार उघडंच असणार. माझा विश्वास मी लपवत नाही आणि कुणाच्या अडचणीचा सौदाही करणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी चहा केला. पेटी रात्री साडेआठनंतर नको म्हणाल्या, नातीचा अभ्यास असतो. मी मान्य केलं.

या दिवसांत रेव्हरंड ना. वा. टिळकांचा विचार वारंवार येतो. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी त्यांची इच्छा होती. 1919 मध्ये ते गेले आणि त्यांच्यामागे दरबार फार टिकला नाही. एवढा मोठा कवी, पण सारा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर. म्हणून आमच्याकडे वचन सांगायला पाच जण आळीपाळीनं उभे राहणार, त्यात ती कॅन्टीनमधली पोळ्या लाटणारी ताईही आहे. ती अजून घाबरते. रोज रात्री मोठ्यानं वाचायचा सराव करते.

पेटी माझ्या वडिलांची. भाता फाटला होता, दोन पट्ट्या मुक्या होत्या. दुरुस्त करून आणली आणि मागच्या गुरुवारी आम्ही रिकाम्या हॉलमध्ये गाण्याच्या सरावाला बसलो. एका सोसायटीवरचा पहारेकरी, मूळचा जालन्याकडचा, गणवेशातच आला. शिट्टीची दोरी खांद्याला, बूट दाराबाहेर नीट जोडीनं काढलेले. “सलाम, बाई,” म्हणून तो दाराजवळच टेकला. आठला त्याची ड्यूटी, म्हणून साडेसातला उठावं लागणार होतं. आम्ही सातऐवजी साडेसहाची वेळ ठरवली ती त्याच्यासारख्यांसाठी. अकरा वर्षांत गायलो नाही, शब्द विसरलो असेन, असं म्हणाला आणि दुसऱ्या कडव्यापासून पुस्तकात न बघता गाऊ लागला. साडेसात झाले तेव्हा गीत अर्ध्यावर होतं. तो हळूच उठला, बूट हातात घेतले. आम्ही पेटी थांबवली नाही. जिना उतरताना तो धृपद म्हणत होता, ते खालच्या फाटकापर्यंत ऐकू येत राहिलं.