‘आढळलें नाहीं’ हेंहि ज्ञानच

जिनीव्हा शहरानजीक भूगर्भांत २७ किलोमीटर परिघाचें एक प्रचंड यंत्र आहे. त्यांत प्रोटॉनांची टक्कर घडवून शास्त्रज्ञांनीं २०१२ सालीं हिग्ज कण शोधून काढला. परंतु कांहीं अज्ञात कण अतिशय हलके असल्यास ते टकरीच्या जागेवरील अवाढव्य उपकरणांस चुकवून सरळ पुढें निघून जातील. त्यांच्यासाठीं ४८० मीटर अंतरावर, एका जुन्या बोगद्यांत, ‘फेझर’ नांवाचें लहानसें उपकरण बसविलें आहे. त्याचे कित्येक भाग इतर प्रयोगांतून शिल्लक राहिलेले आहेत. मधल्या खडकांत बहुतेक परिचित कण अडून राहतात. २०२२ सालीं त्याची टेहळणी सुरू झाली. पुढील वर्षीं त्यास न्यूट्रिनो दिसले. ‘कृष्ण-फोटॉन’ हा कल्पिलेला कण मात्र आढळला नाहीं, व शास्त्रज्ञांनीं तसें प्रांजळपणें प्रसिद्ध केलें.

मग श्रम व्यर्थ गेले काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. तो कण कोठें नाहीं हें कळलें, म्हणजे पुढील शोधाचें क्षेत्र तितकें आटोपशीर झालें. पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलानें प्रयोगवहींत खरेपणानें लिहिलेलें ‘आढळलें नाहीं’ हें पुस्तकांतून उतरविलेल्या अचूक उत्तराहून अधिक मोलाचें मानावें. विद्यार्थिमित्रहो, तुम्हींहि तें लिहिण्यास कचरूं नका.