घोडीचा दोष सांगायचा का?

माझ्या वर्गातला एक मुलगा दहा दिवस शाळेत आला नाही, म्हणून घरी गेलो. त्याचे अब्बा ओट्यावर बसले होते. वरातीची घोडी तापाने आडवी झालेली. हिरड्या पिवळट, लघवी तांबडी. “सर, काचेवर रक्त तपासलं, काही निघालं नाही. लोक म्हणतात नजर लागली.” घोडीच्या गळ्यात तावीज होता.

त्या मायेवर मी हसणार नाही. पण नजरेच्या आधी गोचीड पाहायला हवी. गोचीड चावली की थायलेरिया इक्वी किंवा बबेसिया कॅबाली हे परजीवी रक्तात शिरतात आणि तांबड्या पेशी फोडतात. भर तापात, औषधाआधी रक्त घेतले तर ते सूक्ष्मदर्शकाखाली सापडू शकतात. ताप उतरला की त्यांची संख्या इतकी घटते, की काच स्वच्छ दिसते. म्हणून स्वच्छ काच म्हणजे निरोगी घोडी नव्हे. अशा वेळी प्रतिपिंडे शोधणारी एलायझा किंवा परजीवीचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी लागते. हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात या रोगावर काम चालते.

दुसऱ्या तपासणीत थायलेरिया निघाला. उपचाराने घोडी उभी राहिली. पण हा परजीवी अंगात वर्षानुवर्षे, कधी जन्मभर राहतो. तिला चावलेली गोचीड किंवा तिला टोचलेली सुई दुसऱ्या घोड्याला रोग देऊ शकते. अमेरिकेत २००९ नंतर तपासण्या वाढल्या, तेव्हा शर्यतीच्या अनेक घोड्यांत तो सुयांमधूनच पसरल्याचे दिसले.

परवा ते अब्बा विचारत होते, “घोडी विकायची झाली, तर हे सांगायचं का?”

मी म्हटलं, “सांगायचं. दोष लपवून केलेला सौदा हलाल कसा होईल?”

ते गप्प राहिले. घरी येताना मलाच वाईट वाटले. ज्याने तपासणी केली, त्याच्याच घोडीची किंमत पडणार. ज्याने केली नाही, तो बाजारात निर्धास्त. परदेशी जाणाऱ्या घोड्याचे रक्त अनेक देश तपासून घेतात. मग टांग्याच्या, वीटभट्टीच्या, वरातीच्या घोड्याचे का नको? तालुक्याच्या पशुशिबिरात लशीबरोबर रक्तही घ्यावे, ते प्रयोगशाळेत पाठवावे आणि प्रत्येक जनावराला नवी सुई वापरावी. खर्च सरकारने उचलावा.

प्रामाणिकपणाचा भुर्दंड एकट्या गरिबाने का भरावा?