अंधशाळेतील आमचे पुण्य

गेल्या गणेशोत्सवात, अनंत चतुर्दशीच्या आदल्या रविवारी, दिल्लीतील आमच्या मंडळाने एका अंधशाळेत अन्नदान केले. पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी, प्रत्येकी एक केळे आणि एक रंगीत पेन्सिलींची पेटी असा बेत होता. पूर्ण दृष्टिहीन मुलांना रंगीत पेन्सिली वाटण्याची कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली याची चौकशी आम्ही करणार नाही. कारण खरेदीच्या समितीत आम्हीही होतो आणि पावतीवर सही आमचीच आहे. मुलांनी प्रार्थना म्हटली. अध्यक्षांनी भाषणात सांगितले की, या बालकांच्या रूपाने साक्षात परमेश्वरानेच आमची सेवा स्वीकारली. छायाचित्रे निघाली, आणि दोनच्या आत आम्ही सारे आपापल्या घरी वामकुक्षीला पोचलो. परमेश्वर पुढल्या भाद्रपदापर्यंत तेथेच राहिला.

आमचे भांडण आहे ते या भाषणाशी. सेवेला श्रद्धेचे नाव द्यावयास आमची मुळीच हरकत नाही. पण ते नाव एकदा घेतले की श्रद्धेचे नियमही गळ्यात पडतात, आणि नेमके तेच आम्हांला नको असतात. आपल्या शास्त्रकारांनी कर्माचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद केले आहेत. संध्या नित्य, ग्रहणातील स्नान नैमित्तिक. नित्यकर्म केल्याने पदरात काही विशेष पडत नाही. चुकविले तर मात्र दोष लागतो. पंढरीला एकदा जाऊन आलेल्या माणसाला कोणी वारकरी म्हणत नाही. मग वर्षातून एकदा श्रीखंड वाढून येणाऱ्यांनी स्वतःला सेवेकरी कोणत्या आधारावर म्हणवावे?

ज्यांनी या देशात अंधांच्या शाळा काढल्या त्यांचीही प्रेरणा बहुधा श्रद्धेचीच होती. अमृतसरला 1887 साली ऍनी शार्प या मिशनरी बाईंनी पहिली शाळा काढली. कलकत्त्यात 1897 साली लालबिहारी शहा यांनी. यांची श्रद्धा वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांची होती. शहांनी तर बंगाली भाषेसाठी ठिपक्यांची लिपी बसविण्याचे किचकट काम अंगावर घेतले. पुढे 1951 मध्ये भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली आणि देहरादूनला ब्रेल मुद्रणालय निघाले. सहा ठिपके आणि त्यांच्या त्रेसष्ट जुळण्या एवढाच तो सारा संसार. आम्ही ती लिपी थोडीफार शिकलो तेव्हा एका गोष्टीची मौज वाटली. देवनागरीत ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या अगोदर काढतात आणि उच्चारतात मागाहून. ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे मागाहूनच येते. पाटीवर टोचताना उजवीकडून डावीकडे टोचायचे आणि कागद उलटवून डावीकडून उजवीकडे वाचायचे. आमचा ताशी अर्ध्या पानाचा वेग पाहून सहावीतील एका मुलीने अत्यंत सभ्यपणे विषय बदलला.

आम्ही चौघे कारकून गेली तीन वर्षे शनिवारी दुपारी त्या शाळेत वाचावयास जातो. ही आत्मस्तुती वाटेल तर वाटो. तिचा निकाल पुढे लागणारच आहे. काम अगदी साधे आहे. मोठ्याने वाचावयाचे. 'आता मोबाईलच वाचून दाखवितो, तुमची गरज काय?' असे आमचे एक वरिष्ठ विचारतात. मोबाईल वाचतो हे खरे, आणि त्याने या मुलांचे पुष्कळ कल्याण केले हेही खरे. परंतु शिक्षकांच्या हस्ताक्षरातील टिपणे आणि वाकड्या छायाप्रती यांपुढे तो अडखळतो, आणि 'आकृती पाहा' हे शब्द खणखणीत आवाजात उच्चारून तो पुढे जातो. दहावीच्या विज्ञानात प्रकाशाचे प्रकरण आहे. अंतर्वक्र आरशावर किरण कसा पडतो आणि कसा परततो हे जन्मांध मुलाला सांगण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला त्यालाच त्याची भीती कळेल. आम्ही शेवटी पुठ्ठ्यावर टाचण्या रोवल्या, लोकर ताणली आणि त्याची बोटे तिच्यावरून फिरविली. दोन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी त्याने आमचीच एक चूक काढली. नाभीतून जाणारा धागा आम्ही भलतीकडे वळविला होता.

आमच्या हिंदीची तर ती मुले चारचौघांत चेष्टा करतात. आम्ही मराठी वळणाने 'आत्मा' पुल्लिंगी चालवितो. त्यांच्या भाषेत तो स्त्रीलिंगी. पंधरा वर्षांच्या मुलाकडून आपल्या आत्म्याचे लिंग दुरुस्त करून घेणे, ही अध्यात्माची पहिली पायरी समजावयास हरकत नसावी.

हे काम सरकारचे आहे, असा दुसरा आक्षेप येतो. सरकारचे आहेच, आणि सरकार म्हणजे आम्हीच असल्यामुळे तो आक्षेप आम्ही मान खाली घालून ऐकतो. 2016 चा कायदा झाला. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखनिकाची सोय आणि दर तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ ठरविला. परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणील तर तो शिक्षणाने त्याच्याहून एक पायरी खालचा असावा, असेही त्यांत होते. याचा अर्थ वाचकांनी नीट लक्षात घ्यावा. दहावीच्या मुलाचा पेपर लिहावयास आमची पदवी निरुपयोगी होती. तेथे आमचा नववीतील मुलगा किंवा मुलगी हवी होती. आम्ही वसाहतीत दारोदार हिंडलो. श्रीखंडाला भरभरून वर्गणी देणाऱ्या घरांतून उत्तर आले की, त्या दिवसांत आमच्या बाळूचीही परीक्षा असते. बारा घरे झाली. होकार एक मिळाला, आणि तो देणाऱ्या बाई मंडळाच्या सभासदही नव्हत्या.

आता आमचा स्वतःचा निकाल. आमच्यापैकी एकाची जानेवारीत गुवाहाटीला बदली झाली. आठ दिवसांत रुजू व्हावयाचे होते. त्याने घर सोपविले, गॅसची जोडणी सोपविली, कचेरीतल्या प्रत्येक फायलीची नोंद करून कार्यभाराच्या कागदावर दोन सह्या केल्या. बारावीच्या ज्या मुलाला तो इतिहास वाचून दाखवीत असे, त्याच्याविषयी मात्र त्याने काही लिहून ठेवले नाही, आणि उरलेल्या आम्हां तिघांनीही विचारले नाही. तो मुलगा ओळीने चार शनिवार ग्रंथालयाच्या बाकावर अडीच वाजल्यापासून बसून होता. आम्ही शेजारच्याच खोलीत दुसऱ्या मुलांना वाचून दाखवीत होतो. पाचव्या शनिवारी त्याने आम्हांला एवढेच विचारले की, साहेब आजारी आहेत काय? पुस्तकाची एकोणसत्तर पाने राहिली होती आणि परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

श्रद्धा, श्रद्धा म्हणून आम्ही जी मिरवितो ती या व्यवहारात कोणाची पणाला लागते, हे त्या बाकाने आम्हांला दाखविले. आमचे काय गेले? आम्हांला डोळे आहेत. शनिवारी कोठेही जाता येते. बसून राहिला तो मुलगा. न दिसणाऱ्या माणसाच्या पावलांवर भरवसा ठेवून तो चार आठवडे बसला, आणि त्या भरवशाला आम्ही आधी वर्षाचे एक श्रीखंड आणि मग एक अर्धे पुस्तक दिले.

'बदलीच्या माणसाने बंधनात कशाला पडावे?' असे आपल्यातील बहुतेक जण म्हणतात, आणि ही सबब आम्हीही वापरलेली आहे. पण कार्यभार सोपविणे ही कला आपल्याइतकी कोणाला अवगत आहे? जी शिस्त निर्जीव फायलीला लाभते तीच या कामाला लावावी, एवढेच मागणे आहे. आम्ही आता एक वही केली आहे. मुलाचे नाव, पुस्तक, वाचून झालेले शेवटचे पान, परीक्षेची तारीख आणि पुढील वाचकाची सही. सही झाल्यावाचून कोणी दिल्ली सोडावयाची नाही. यंदा मंडळाच्या सभेत श्रीखंडाच्या खर्चाला आम्ही विरोध केला तेव्हा आम्हांला नास्तिक ठरविण्यात आले. वही मात्र सभेत हातोहात फिरली आणि कोरीच परत आली.

ती एकोणसत्तर पाने आम्ही तिघांनी रात्री वाटून घेऊन मोबाईलवर ध्वनिमुद्रित केली. मुलगा उत्तीर्ण झाला; आता महाविद्यालयात आहे. पुढल्या महिन्यात आमच्यातील आणखी एक जण नागपूरला जात आहे. त्याच्याकडे नववीतील दोन मुली आहेत. भूगोलाचे चौथे प्रकरण चालू आहे. शनिवारी अडीच वाजता.