पैसे घेऊन केलेला प्रयोग

माझा मावसभाऊ यंदा दहावीला आहे. लहानपणी तो जमिनीवरून उठताना आपल्याच मांड्यांवर हात रोवीत रोवीत उठे. आम्ही हसत असू! पुढे कळले की, हेच रोगाचे लक्षण होते. डुशेन स्नायुक्षय. दोष एक्स गुणसूत्रावरील जनुकात असतो, त्यामुळे स्नायूंना सांभाळणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन शरीरात बनतच नाही. आज तो चाकाच्या खुर्चीत आहे.

गेल्या वर्षी मावशीने दीड एकर जमीन विकली आणि त्याला शहरातील एका दवाखान्यात नेले. त्याच्याच अस्थिमज्जेतून मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, काढून त्याला टोचल्या. पैसे आगाऊ घेतले.

आपण पडलो कलाशाखेचे; विज्ञान दहावीतच सुटले. तरीही मला एक साधा प्रश्न पडला. पेशी त्याच्याच, तर जनुकातील दोषही त्या पेशींत असणारच! मग डिस्ट्रोफिन येणार कोठून? हा प्रश्न मी तेथे विचारला तेव्हा, “ताई, आशा सोडू नका,” असे उत्तर मिळाले.

मूलपेशी म्हणजे थोतांड, असे मी म्हणत नाही. रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जारोपणाने कित्येकांचे प्राण वाचले आहेत. स्नायूंचे मात्र निराळे आहे. अमेरिकेत बारा मुलांच्या एका दंडात वडिलांच्या वा भावांच्या निरोगी स्नायुपेशी आणि दुसऱ्या दंडात नुसते द्रावण, असे दरमहा एकदा, सहा महिने टोचून पाहिले. १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोन्ही दंडांच्या ताकदीत फरक नाही. टोचलेल्या बहुतेक पेशी मरतात आणि उरलेल्या सुईच्या वाटेपासून फारशा दूर जात नाहीत. मिलानमध्ये पाच मुलांना भावंडांच्या पेशी रक्तवाहिनीतून दिल्या. २०१५ च्या त्या अहवालातही ताकद वाढल्याचे दिसले नाही. पण या संशोधकांनी आपले अपयश छापले. आमच्या दवाखान्याने काय छापले? रंगीत पत्रक!

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करू नयेत. माझ्या मते कसोटी सोपी आहे: ज्या प्रयोगाचे पैसे रोग्याकडून घेतात, तो प्रयोग नव्हे, धंदा होय.

“बुडत्याला काडीचा आधार, तो तरी का हिरावता?” असे आमचे एक प्राध्यापक म्हणाले. सर, क्षमा करा. मावशी मूर्ख नाही. रोग आपल्याकडून मुलाला गेला, हे नातेवाइकांनी तिला इतक्यांदा ऐकवले आहे की, ती कोठेही गेली असती. (बऱ्याच मुलांत हा दोष आईकडून न येता नव्यानेच उद्भवतो, हे कोण सांगणार?) धंदा चालतो तो या अपराधी भावनेवर.

त्या जमिनीच्या पैशांत स्टेरॉइडची औषधे, व्यायामोपचार, हृदयाची नियमित तपासणी आणि विजेवर चालणारी खुर्ची, एवढे सहज झाले असते. यांनी रोग जात नाही, परंतु आयुष्य वाढते, हे सिद्ध झालेले आहे.

त्याला इतिहास आवडतो. पुढच्या वर्षी तो आपल्याच महाविद्यालयात येईल म्हणतो. ग्रंथालयाच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधावा, असा अर्ज मी प्राचार्यांकडे दिला आहे. त्यावर अजून बऱ्याच सह्या हव्या आहेत.