सापाचे पोट आणि माणसाची सोय

सर्पोद्यानातील काचेपलीकडचा नाग तुकतुकीत दिसला, की प्रेक्षक समाधानाने पुढे सरकतो. आयते अन्न मिळते, शत्रूचे भय नाही. तेव्हा रानातल्या सापापेक्षा तो सुखीच, असा सर्वसाधारण समज आहे. आहाराच्या अंगाने पाहिले तर हा समज तपासून घ्यावा लागतो.

निसर्गात प्रत्येक जातीचे खाणे वेगळे. धामण उंदरांबरोबर बेडूक, सरडे, पक्षीही खाते. दिवड मासे आणि बेडकांवर जगते. मण्यार इतर साप व सरडे गिळते, तर नागराजाचा मुख्य आहारच साप. फुरशाला उंदीर-सरड्यांखेरीज विंचू आणि गोमही चालते. फुरशाच्या कुळातील ज्या जाती विंचवांसारख्या संधिपाद प्राण्यांवर अधिक अवलंबून असतात, त्यांचे विष विंचवांवर अधिक प्रभावी ठरते, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. आहार ही केवळ पोटाची बाब नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याने विषालाही आकार दिला आहे.

बंदिवासात या वैविध्याची जागा बहुधा पांढरा उंदीर घेतो. त्यामागे कारणेही आहेत. त्याची पैदास सोपी असते, तो गोठवून साठवता येतो आणि मेलेला उंदीर सापाला चावत नाही. अख्खा गिळला जात असल्याने हाडांतील कॅल्शियम व यकृतातील जीवनसत्त्वेही मिळतात. उंदीरखाऊ सापांना हे अन्न मानवते. अडचण इतरांची होते. काही जातींच्या माशांत थायमिनेज हे विकर असते आणि ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. केवळ असेच मासे खाऊ घातलेल्या सापांना झटके येतात. नागराजाला तर सापाचा वास चोळलेला उंदीर खाण्याची सवय लावण्याची वेळ अनेकदा येते.

दुसरा फरक वेळेचा. रानातला अजगर एका मोठ्या भक्ष्यानंतर कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो. भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांत ब्रह्मी अजगराच्या हृदयाचे वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, हे २००५ सालच्या संशोधनातून पुढे आले. उपास आणि मेजवानी यांच्या आवर्तनासाठी घडलेल्या या देहाला ठरल्या वारी खाणे आणि चार हातांची कोठडी मिळाली, की लठ्ठपणा येतो, यकृतात चरबी साठते. म्हणजे तुकतुकीत दिसणारा साप निरोगी असेलच असे नाही.

याहून वाईट प्रकार नागपंचमीच्या दुधाचा. दूध हे कोणत्याही सापाचे अन्न नाही. अनेक दिवस पाण्यावाचून ठेवलेला साप तहानेपोटी ते पितो. ते त्याला पचत नाही आणि श्वसनमार्गात गेल्यास जिवावर बेतते.

हा विषय केवळ भूतदयेचा नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. या दंशांवरील प्रतिविष ज्या विषापासून तयार होते, ते पकडून ठेवलेल्या सापांकडूनच घ्यावे लागते. म्हणून प्रत्येक सापाची वजननोंद, जातीनुसार भक्ष्य आणि दोन खाण्यांमधील योग्य अंतर हे सर्पपालनाचे किमान निकष मानले पाहिजेत. साप पाळण्यात सोय माणसाची होत असेल, तर निदान ताट तरी सापाचे असावे.