सहीपुरती बाई नको



आपल्या मोर्चात बाया पुढं असतात. बाईमाणसावर लाठी उगारताना पोलीस जरा थांबतो, म्हणून आपणच त्यांना पुढं करतो, हे खरं बोलू या. पण साहेबाच्या केबिनमध्ये शिष्टमंडळ जातं तेव्हा पाच बाप्ये आणि एक बाई. तीही दाराजवळ उभी. बोलायची पाळी तिच्यापर्यंत येतच नाही.

वनहक्क कायद्याच्या नियमात वनहक्क समिती 10 ते 15 जणांची आहे आणि त्यात किमान एक तृतीयांश बाया पाहिजेत. 2012 च्या दुरुस्तीनं ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत पुन्हा एक तृतीयांश बाया. म्हणजे बाई नसेल तर सभाच नाही. यावर काही पाड्यांनी सोपा उपाय काढलाय. रजिस्टर घरोघर फिरवायचं, चुलीपाशी अंगठा घ्यायचा, झाला कोरम! उद्या दावा पाडायचा असेल तर वरच्या समितीला दुसरं काही शोधायला नको, हे रजिस्टरच पुरेल. बाई गैरहजर राहिली तर जमीन सगळ्या घराची जाते.

म्हणून या वर्षी संघटनेच्या प्रत्येक कार्यकर्तीनं स्वतःचा आराखडा लिहावा असं आमचं म्हणणं आहे. मोठा नको, वहीचं एक पान पुरे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लिहून घ्या, पण शब्द तुमचे पाहिजेत.

पानावर पहिलं हे लिहा, की सभेच्या दिवशी भाकरी कोण थापणार, पाणी कोण आणणार आणि पोर कुणापाशी राहणार. माणसाचं नाव लिहा. हसू नका, बायांचं नेतृत्व बहुतेक वेळा इथंच अडतं. शिबिरात टाळ्या वाजवणारा साथी घरी हंडा उचलत नसेल तर त्याचंही नाव त्या पानावर येऊ द्या.

मग महिने बघा. आवणीत कुणाला सवड नसते. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो, म्हणजे 26 जानेवारी आणि 1 मेच्या ग्रामसभेला गावात म्हातारी माणसंच. तेव्हा कापणी उरकल्यावर, भट्टीवर जायच्या आधी, जे दिवस मिळतात त्यातच पाड्याच्या बायांची बैठक घ्यायची. रात्री आठची बैठक बायांना चालत नाही, हे आता तरी पुढाऱ्यांनी समजून घ्यावं.

आणि एक काम असं निवडा जे तुम्हालाच येतं. उदाहरणार्थ स्थळपाहणी. समिती प्लॉटवर जाते तेव्हा गार्ड आणि बाप्ये पुढं चालतात. पण नागली निंदणारी, बांधावरचे दगड उचलणारी बाई. जुनी विहीर कुठं, मसणवटा कुठं, आजोबाच्या वेळची हद्द कुठल्या नाल्यापर्यंत, हे तिला पाठ. नियमात अशा जुन्या खुणा आणि म्हाताऱ्यांचे जबाब पुरावा म्हणून धरले जातात. मग ती पाहणीला मागं का? मोजणीच्या मशीनबरोबर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत चालायचं, आणि पंचनामा मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.

दाव्याचा कागदही बघा. कलम 4(4) प्रमाणे पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. नमुना अ मध्ये तुमचं नाव आहे का, पोच मिळाली का? विधवा आणि टाकलेल्या बायांचे दावे दीर-भावाच्या नावात गडप होतात. त्यांच्याकडे आधी जा. ग्रामसभेनं दावा नाकारला तर उपविभागीय समितीकडं जायला 60 दिवस मिळतात. हा आकडा प्रत्येकीला तोंडपाठ पाहिजे.

बाया पुढं आल्या की घर मोडतं, असं म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांनी शहाद्याच्या म्हाताऱ्यांना विचारावं. तिथं सत्तरच्या दशकात भिल्ल बायांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. मजुरीच्या आणि जमिनीच्या लढ्यात उतरलेल्या त्याच बाया होत्या, त्यांना कुणी वेगळं शिकवलं नव्हतं.

आराखड्याचं पान तालुका बैठकीला आणा. आपण ते एकमेकींना वाचून दाखवू, आणि होळीला भट्टीवरून परत आल्यावर काय झालं, काय राहिलं ते पुन्हा बघू. येताना पाड्याचं सभेचं रजिस्टरही घेऊन या.