नात्यांच्या तक्त्यात न आलेली जमीन

समाजशास्त्राच्या एम.ए.ला ‘इरोक्वाय’ हा शब्द नातेव्यवस्थेच्या प्रकरणात भेटतो. काकाला वडिलांचेच संबोधन, मावशीला आईचेच. मामा आणि आत्या मात्र वेगळे. लुईस हेन्री मॉर्गन यांचे नाव लिहायचे, तक्ता काढायचा, गुण मिळवायचे. मीही मिळवले. पण ज्या सेनेका लोकांकडून मॉर्गन हे शिकले, त्यांची जमीन त्याच काळात हातची जात होती, हे त्या प्रकरणात नव्हते.

सेनेका हे इरोक्वाय महासंघातील सहा राष्ट्रांपैकी एक, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातले. १७९४ च्या कॅनन्डेग्वा तहात अमेरिकेने लिहून दिले, की ही जमीन सेनेकांची आहे आणि तिच्यावर आम्ही कधीही दावा सांगणार नाही. तीनच वर्षांत बिग ट्रीच्या तहाने जवळजवळ सगळा मुलूख एक लाख डॉलरला गेला. उरल्या काही राखीव वस्त्या. १८३८ मध्ये ऑग्डेन लँड कंपनीने लाच देऊन, दारू पाजून प्रमुखांच्या सह्या घेतल्या आणि त्याही लिहून घेतल्या. लोकांनी दूर कॅन्ससला निघून जायचे होते. ओरड झाल्यावर १८४२ च्या तडजोडीत दोन वस्त्या परत मिळाल्या. बफेलो क्रीक आणि टोनावांडा गेल्याच. टोनावांडाच्या प्रमुखांची त्याला संमती नव्हती.

याच टोनावांडाचे एली पार्कर. मिशनच्या शाळेत शिकलेले, विशीच्या आतच प्रमुखांचे दुभाषी होऊन वॉशिंग्टनला गेलेले. मॉर्गन यांनी १८५१ चा आपला ग्रंथ त्यांनाच अर्पण केला. पार्कर यांनी कायद्याचा अभ्यास केला. नागरिक नाहीत म्हणून वकिलीची सनद मिळाली नाही. तरी अर्ज, भाषांतरे, वाटाघाटी त्यांनी सोडल्या नाहीत. वस्तीनेही जागा सोडली नाही. जमिनीचे मोल ठरवायला आलेल्यांना आत येऊ दिले नाही. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की खासगी खरेदीदाराला या लोकांना बळाने हुसकता येणार नाही. त्याच वर्षीच्या तहाने, कॅन्ससच्या हक्कापोटी मिळालेल्या पैशातून, टोनावांडाने आपलीच सुमारे ७,५०० एकर जमीन विकत घेतली.

उरलेल्या दोन वस्त्यांनी १८४८ मध्ये वंशपरंपरागत प्रमुखपद मोडून लेखी संविधान आणि निवडलेले मंडळ आणले. मोजक्या माणसांच्या सह्यांनी जमीन जाते, हा धडा त्यामागे होता. मतदान मात्र पुरुषांपुरते राहिले. स्त्रियांना ते १९६४ मध्ये मिळाले.

पुढच्याच वर्षी किंझुआ धरण पूर्ण झाले. पिट्सबर्गला पुरापासून वाचवण्यासाठी अॅलेगेनी वस्तीची सुमारे १०,००० एकर जमीन घेतली गेली, सुमारे ६०० माणसे उठली. १७९४ चा तह तेव्हाही लागू होता.

म्हणजे कागद वाचता आला की जमीन वाचतेच, असे नाही. पण न वाचता ती नक्की जाते. आपल्यापैकी अनेकांच्या घरात सातबारा, वनहक्काचा दावा, भूसंपादनाची नोटीस नीट वाचणारी पहिली व्यक्ती आपणच असतो. सही कोणाची, त्याला अधिकार कोणी दिला, बायकांना विचारले का, हे प्रश्न विचारणे आपल्या पदवीचे काम आहे. आणि उद्या तो नात्यांचा तक्ता शिकवायची वेळ आली, तर शेजारी १८३८ आणि १८५७ ही सालेही फळ्यावर लिहू या.